पासवर्डचे नियम आणि नोंदीची विश्वासार्हता

कापसाच्या शेतातील कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ किंवा त्याहून अधिक नर पतंग सापडले, की गुलाबी बोंडअळीने आर्थिक नुकसानीची संकेत पातळी गाठली असे आपण मानतो. या एका वाक्यामागे अनेक वर्षांचे संशोधन उभे आहे. सापळा पिकाच्या किती उंचीवर असावा, ल्युर किती दिवसांनी बदलावी, एकरी किती सापळे लावावेत, यावर आपल्या परिसंवादांत तासन्‌तास चर्चा होते. मात्र सर्वेक्षकाच्या वहीतील आकडा मुख्यालयातील कीटकशास्त्रज्ञाच्या पडद्यावर येण्यापूर्वी एका अरुंद दारातून जातो, आणि त्या दाराची चर्चा कोणत्याही परिसंवादात मी ऐकलेली नाही. ते दार म्हणजे पासवर्ड. त्यातही पासवर्डविषयीचा तो सुपरिचित आदेश: किमान एक मोठे अक्षर, किमान एक लहान अक्षर, किमान एक अंक आणि किमान एक विशेष चिन्ह हवे.

हा विषय संगणक विभागाचा आहे, कीटकशास्त्राचा नव्हे, असे काही वाचकांना वाटेल. काही वर्षांपूर्वीपर्यंत मलाही तसेच वाटत होते.

त्या हंगामात विदर्भ आणि तेलंगणातील आदिलाबाद यांच्या सीमेवरील कापूस पट्ट्यात एका कीड-निरीक्षण प्रकल्पाचे काम मी पाहत होते. पोळ्याच्या आधीचा आठवडा होता. एका सर्वेक्षकाच्या वहीत तीन रात्रींचे आकडे होते: ९, ११ आणि ८. पातळी गाठली गेली होती. तो सायंकाळी नोंद भरायला बसला, तेव्हा प्रणालीने त्याला सांगितले की तुमच्या पासवर्डची ९० दिवसांची मुदत संपली आहे, नवा द्या. त्याने दिला; मोठे अक्षर नाही म्हणून तो नाकारला गेला. दुसरा दिला, विशेष चिन्ह नाही. तिसऱ्यात ते घातले, तर ते चिन्ह मान्य यादीत नव्हते. चौथा जुन्या पासवर्डशी मिळताजुळता ठरला. पुढच्या प्रयत्नाला खातेच बंद झाले. ते उघडण्यासाठी मुख्यालयाला ईमेल करायचा होता. दुसऱ्या दिवशी शनिवार होता, आणि सोमवारी पोळा.

त्याने मला दूरध्वनी केला तो खाते उघडून घेण्यासाठी नव्हे, तर एक शंका विचारण्यासाठी. ‘‘मॅडम, कॅपिटल म्हणजे नेमकं कोणतं? आपल्या भाषेत मोठा क अन् लहान क कुठं असतो?’’ हा मुलगा कृषी पदविकाधारक, कामात चोख, आणि पानाखालची पांढऱ्या माशीची पिल्ले भिंगाशिवाय ओळखणारा. त्याला इंग्रजी अक्षरे येत नव्हती असे नाही. दिवसभर मराठीत लिहिणाऱ्या, दुकानात तेलुगू ऐकणाऱ्या आणि अहवाल हिंदीत देणाऱ्या माणसाला ती पटकन आठवली नाहीत, एवढेच.

नोंद पाचव्या दिवशी प्रणालीत आली. त्या मंडळाचा सल्ला त्यानंतर निघाला. डोमकळ्या वेचून नष्ट करा, निंबोळी अर्क फवारा, सिंथेटिक पायरेथ्रॉइड एवढ्या लवकर वापरू नका, असे आम्ही त्यात लिहिले. तोवर दोन गावांतील काही शेतकऱ्यांनी दुकानदाराच्या सांगण्यावरून नेमके पायरेथ्रॉइडच फवारले होते. त्यामागून पांढरी माशी वाढते, हे या पत्रिकेच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. सगळा दोष पासवर्डचा होता असे मी म्हणणार नाही. दूरध्वनी आला तेव्हाच मी मंडळाला तोंडी कळवू शकले असते; ते मी केले, पण एक दिवस उशिरा. मात्र हंगामात एक दिवस म्हणजे काय, हे ठरवण्याचा अधिकार त्या नियमाकडे कोणी सोपवला होता?

पुढे जे दिसले ते अधिक गंभीर होते. या अनुभवानंतर त्या तालुक्यातील सर्वेक्षकांनी व्यवहारी तोडगा काढला. ज्याचे खाते सुरळीत चालत होते, त्याचे नाव आणि पासवर्ड सर्वांनी घेतला. तो कार्यालयातील हजेरीवहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेला होता, मोठे अक्षर लाल शाईने अधोरेखित करून. हंगामाच्या अखेरीस मी विदा तपासायला घेतली, तेव्हा एकाच व्यक्तीने एका रात्री दहा ते पावणेअकराच्या दरम्यान चौदा गावांची निरीक्षणे नोंदवल्याचे दिसले. गावे खरी होती, आकडेही बहुधा खरेच असतील. पण ते कोणी मोजले, हे आता कोणालाच सांगता येणार नव्हते.

कीटकशास्त्रात निरीक्षकाची ओळख हा निरीक्षणाचा भाग असतो. दोन माणसे एकाच झाडावरचे तुडतुडे मोजतात तेव्हा दोन आकडे येतात. एकाची दृष्टी तीक्ष्ण असते, दुसरा पान उलटताना झटका देतो आणि निम्मे तुडतुडे उडून जातात. कोणाचे मोजमाप कोणत्या दिशेला झुकते हे कळले, तर ते दुरुस्त करता येते. निरीक्षकच हरवला, तर चुकीची दिशाही हरवते. ज्या नियमाचा हेतू ‘ही व्यक्ती तीच आहे’ याची खात्री करणे हा होता, त्याच नियमाने ती खात्री संपवली. पासवर्ड कागदोपत्री अत्यंत बळकट होता. चारही प्रकारची अक्षरे त्यात होती.

मग हा नियम आला कोठून, याचा शोध घेतला. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे निस्टमध्ये, बिल बर यांनी २००३ साली लिहिलेल्या मार्गदर्शिकेतून अक्षरप्रकारांची सक्ती आणि ठरावीक काळाने बदल या सवयी जगभर पसरल्या. त्या काळी लोक प्रत्यक्षात कोणते पासवर्ड निवडतात याची विश्वासार्ह विदा जवळजवळ उपलब्ध नव्हती. बरीचशी मांडणी तर्कावर आधारलेली होती. शेतावरील चाचणीविना केलेल्या शिफारशीसारखी, असे म्हटले तर फार अन्याय होणार नाही. पुढे विदा मिळाली, तीही दुर्दैवी मार्गाने. २००९ मध्ये रॉकयू या कंपनीतून सुमारे ३.२ कोटी पासवर्ड फुटले आणि लोक खरोखर काय निवडतात ते उघड झाले. सर्वाधिक वापरलेला पासवर्ड होता एक ते सहा हे ओळीने आलेले आकडे. २०११ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी निरनिराळ्या नियमांची तुलना केली. केवळ १६ अक्षरे लांबी मागणारा आणि दुसरी कोणतीही अट न घालणारा नियम हा ८ अक्षरांत सर्व प्रकार मागणाऱ्या नियमापेक्षा बळकट ठरला, शिवाय वापरणाऱ्यांना तो कमी त्रासाचा वाटला. २०१७ मध्ये बर यांनी एका वृत्तपत्राला सांगितले, की आपण तेव्हा दिलेल्या सल्ल्यापैकी बऱ्याच भागाचा आपल्याला खेद वाटतो. एखाद्या वैज्ञानिकाने असे जाहीरपणे म्हणणे मला मोलाचे वाटते. आपल्या क्षेत्रात मागे घेतलेल्या शिफारशी इतक्या मोकळेपणाने मागे घेतल्या जात नाहीत.

त्याच वर्षी निस्टने आपली मार्गदर्शिका बदलली आणि अक्षरप्रकारांची सक्ती करू नये असे म्हटले. २०२५ च्या आवृत्तीत भाषा आणखी कठोर झाली: अशी सक्ती करताच कामा नये, आणि पासवर्ड फुटल्याचा पुरावा असल्याखेरीज ठरावीक मुदतीने तो बदलायलाही लावू नये. ही संस्था परदेशी आहे, तिचे नियम आपल्यावर बंधनकारक नाहीत. परंतु आपण जो नियम आजही पाळतो, तोही तेथूनच आला होता. उगमस्थानी मागे घेतलेली गोष्ट आपण मात्र जपून ठेवली आहे.

थोडे गणित पाहू. इंग्रजी कळफलकावर मोठी अक्षरे २६, लहान अक्षरे २६, अंक १० आणि चिन्हे ३२, अशी एकूण ९४ चिन्हे उमटतात. त्यांपासून आठ स्थानांचे सुमारे ६१ लाख अब्ज पासवर्ड बनतात. आता चारही प्रकार सक्तीचे केले, तर त्यांपैकी सुमारे २८ लाख अब्जच वैध राहतात. म्हणजे निम्म्याहून अधिक शक्यता नियमानेच बाद केल्या. शक्यता वाढवण्यासाठी आणलेला नियम शक्यता घटवतो, हे प्रथम मोजले तेव्हा मी दोनदा ताडून पाहिले. याउलट, चिन्हे-अंक सर्व सोडून केवळ २६ लहान अक्षरे घेतली आणि लांबी आठवरून बारा केली, तर शक्यता होतात सुमारे साडेनऊ कोटी अब्ज, पहिल्या आकड्याच्या पंधरा पटींहून अधिक. अक्षरांचे प्रकार वाढवून जे साधत नाही, ते चार स्थाने वाढवून साधते.

अर्थात हे गणित पासवर्ड पूर्णपणे यादृच्छिक असेल तरच लागू पडते. माणसे यादृच्छिक निवड करीत नाहीत, आणि खरा प्रश्न तेथेच आहे. मोठे अक्षर मागितले की ते पहिल्या स्थानी येते. अंक मागितला की शेवटी एक, एक-दोन-तीन किंवा चालू वर्ष येते. चिन्ह मागितले की ॲटचे चिन्ह येते, आणि ते बहुधा शब्द व अंक यांच्या मध्ये बसते. किसान@१२३, कापूस@ आणि पुढे चालू वर्ष, अशा घडणीचे किती पासवर्ड या क्षणी देशातील कृषी कार्यालयांत वापरात असतील, याचा वाचकांनी स्वतःच अंदाज करावा. (स्वतःचा पासवर्ड आठवून हसू आले असेल, तर तो आजच बदलावा.) चोरांना ही घडण ठाऊक असते. त्यांचे सॉफ्टवेअर सर्व शक्यता तपासत बसत नाही. ते शब्दांची यादी घेऊन त्यावर याच युक्त्या चालवते. एकच निवड-दाब संपूर्ण संख्येवर सतत टाकला, की सर्वांची प्रतिक्रिया एकसारखी होते, हे कीटकनाशकांच्या बाबतीत आपण शिकलो आहोत. येथे दाबाखाली आलेला जीव सर्वेक्षक आहे, आणि त्याच्या एकसारख्या प्रतिक्रियेचा लाभ हल्लेखोराला होतो.

दर ९० दिवसांनी पासवर्ड बदलायला लावणे ही तर सरळसरळ दिनदर्शिका पाहून केलेली फवारणी आहे. कीड आहे की नाही हे न पाहता, तारीख आली म्हणून पंप पाठीवर घ्यायचा. त्यातून एवढेच होते, की शेवटच्या एकचे दोन होतात आणि दोनचे तीन. संकेत पातळी ओलांडल्यावरच हस्तक्षेप करा असे आपण शेतकऱ्याला वर्षानुवर्षे सांगतो. पासवर्डसाठी ती पातळी म्हणजे तो फुटल्याचा पुरावा किंवा रास्त संशय.

आता त्या सर्वेक्षकाच्या शंकेकडे वळतो, कारण ती दिसते तितकी भाबडी नाही. देवनागरीत मोठे-लहान अक्षर असा भेद नाही. तेलुगू, कन्नड, गुजराती, बंगाली यांतही नाही. त्यामुळे ‘एक मोठे अक्षर हवे’ ही अट आपल्या लिपीतील कोणताही पासवर्ड कधीच पूर्ण करू शकत नाही, मग तो कितीही लांब असो. विंडोजच्या नियमावलीत यासाठी एक जागा ठेवलेली आहे. तेथे पाच प्रकारांपैकी कोणतेही तीन पुरतात, आणि पाचवा प्रकार आहे तो मोठे-लहान असा भेद नसलेल्या लिपींतील अक्षरांचा. आपल्याकडे तयार होणाऱ्या बहुतेक संकेतस्थळांवर ही पाचवी जागा मला आढळली नाही. तेथे चारच प्रकार असतात, आणि देवनागरी अक्षर एक तर नाकारले जाते किंवा ‘विशेष चिन्ह’ म्हणून मोजले जाते. मराठी शेतकऱ्यासाठी मराठीत बनवलेल्या प्रणालीत ‘क’ हे अक्षर उद्गारचिन्हाच्या पंक्तीत बसते.

अंकांचा घोळ याहून मजेदार आहे. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये ‘अंक’ या अर्थाच्या खुणेत केवळ इंग्रजी आकडे येतात. सर्व्हरवर पायथॉन असेल, तर तीच खूण देवनागरी आकडेही अंक म्हणून स्वीकारते. म्हणजे देवनागरीत लिहिलेल्या सातला सर्व्हर अंक मानेल आणि पडदा मानणार नाही. सर्वेक्षकाला तांबड्या अक्षरांत दिसते: अंक नाही. तो अंकाकडे पाहत बसतो.

याहून सूक्ष्म अडचण ‘शेतकऱ्यांचा’ या शब्दात दडली आहे. त्यातील अर्धा ऱ संगणकात एकाहून अधिक प्रकारे साठवला जाऊ शकतो: नुक्ता जोडलेला र म्हणून, ऱ या स्वतंत्र अक्षराच्या रूपाने, किंवा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण असा. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. एका फोनच्या कळफलकावर ठेवलेला पासवर्ड दुसऱ्या फोनवर अक्षरशः तोच टंकूनही चुकीचा ठरतो. युनिकोडच्या प्रमाणीकरणाने पहिले दोन एकरूप होतात, तिसरा तरीही वेगळाच राहतो. लांबी मोजतानाही असेच होते. ‘क्षेत्र’ या शब्दात आपल्याला दोन अक्षरे दिसतात, संगणक सात मोजतो. शिवाय पासवर्ड साठवण्याची बीक्रिप्ट ही प्रचलित पद्धत ७२ बाइटपर्यंतच पाहते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणून २४ चिन्हांनंतरचा मजकूर अनेक आवृत्तींत गुपचूप सोडून दिला जातो.

हे सर्व पाहता देवनागरी पासवर्ड स्वीकारावेत की नाही? माझे मत असे, की ज्या प्रणालीत प्रमाणीकरणाची आणि लांबीची ही कामे नीट केलेली असतील तेथे अवश्य स्वीकारावेत. जेथे केलेली नसतील तेथे ‘इंग्रजी अक्षरे वापरा’ असे पहिल्याच ओळीत मराठीतून स्पष्ट सांगावे. वापरणाऱ्याला अंधारात ठेवून पाचव्यांदा नाकारणे हा पर्याय होऊ शकत नाही.

नियम ठरवण्याचे काम आपल्या संस्थांत कोण करते, हेही पाहण्यासारखे आहे. बहुतेक ठिकाणी कोणी ठरवीतच नाही. सॉफ्टवेअरसोबत आलेली मांडणी तशीच राहते किंवा जुन्या प्रकल्पातून उचलली जाते. उचलतानाही चुका होतात. लिनक्स सर्व्हरवर पीडब्ल्यूक्वालिटी नावाचा एक भाग पासवर्ड तपासतो. त्यात अंकांसाठी एक संख्या लिहायची असते. ‘किमान एक अंक हवा’ असे सांगायचे असेल तर उणे एक लिहावे लागते. भोळेपणाने नुसते एक लिहिले, तर अर्थ उलटतो: अंक सक्तीचा होत नाही, उलट अंक वापरणाऱ्याला किमान लांबीत एका स्थानाची सूट मिळते. बारा स्थाने मागणारी प्रणाली मग अकरा स्थानांवर समाधान मानते. अर्थात मुळातली सक्तीच अनावश्यक असल्याने या चुकीने फार मोठे नुकसान होते असे नाही. पण नियम कडक केला असे समजणारा माणूस प्रत्यक्षात तो सैल करून बसलेला असतो.

याउलट जँगो या लोकप्रिय चौकटीची मूळ मांडणी पाहावी. तीत अक्षरप्रकारांची सक्ती नाही. लांबी किमान आठ हवी, पासवर्ड वापरकर्त्याच्या नावाशी फार मिळताजुळता नसावा, तो केवळ अंकांचा नसावा, आणि वीस हजार सर्रास वापरल्या जाणाऱ्या पासवर्डांच्या यादीत नसावा, एवढेच ती तपासते. दिशा योग्य आहे, लांबी तेवढी वाढवायला हवी. ही यादीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जो पासवर्ड लाखो लोक वापरतात तो चारही प्रकारांचा असला तरी नाकारावा, आणि जो कोणीच वापरत नाही तो एकाच प्रकारचा असला तरी घ्यावा. परंतु त्या यादीत आपल्याकडचे शब्द फारसे नाहीत. किसान, शेतकरी, पिकांची नावे, तालुक्याचे व योजनेचे नाव, दैवते आणि महापुरुष, त्यांना जोडलेली वर्षे, ही भर आपणच घालायला हवी. ती परदेशातून येणार नाही.

माझ्या हाती असते तर कीड-निरीक्षणाच्या प्रणालीसाठी मी किमान लांबी १५ ठेवली असती, कारण तेथे बहुधा पासवर्ड हेच एकमेव कुलूप असते. शब्दांमध्ये जागा सोडण्यास परवानगी, टंकलेला मजकूर पाहण्याची सोय, स्थानिक शब्दांसह नकार-यादी, आणि चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते बंद करण्याऐवजी प्रत्येक वेळी थोडे अधिक थांबायला लावणे, इतके पुरे. पंधरा अक्षरे ऐकून विस्तार कार्यकर्ते दचकतात. पण एकमेकांशी संबंध नसलेले चार साधे शब्द घेतले की ती सहज भरतात. विहीर, चष्मा, तुरटी, पाळणा, असे. (हे चार आता छापले गेले, ते वापरू नयेत.) शब्द डोळे मिटून कोशातून काढावेत. म्हण, अभंगाची ओळ किंवा चित्रपटगीत घेऊ नये, ती यंत्राच्या यादीत आधीच असतात.

यावर दोन आक्षेप मला नेहमी ऐकावे लागतात. पहिला लेखापरीक्षणाचा. सुरक्षा तपासणीच्या तक्त्यात अक्षरप्रकारांचा रकाना असतो, तेथे ‘नाही’ लिहिले की शेरा येतो. हा आक्षेप खरा आहे आणि तो हलक्यात घेता येत नाही, कारण शेऱ्याची झळ संगणक विभागातील कनिष्ठ कर्मचाऱ्याला बसते. त्यावर उपाय म्हणजे निर्णय त्याच्यावर न सोडता प्रकल्पप्रमुखाने लेखी कारणासह घेणे. तपासणी करणारी माणसेही नवे वाचतात. लेखी कारण समोर ठेवले की बहुधा चर्चा होते, शेरा नव्हे. दुसरा आक्षेप व्यवहाराचा: दुपारच्या उन्हात, घामेजल्या अंगठ्याने, तडा गेलेल्या पडद्यावर पंधरा अक्षरे कोण टंकेल? हेही रास्त आहे. म्हणूनच सर्वेक्षकाने हंगामात एकदा आत यावे आणि पुढे त्याच्याच फोनवर, फोनच्या स्वतःच्या कुलपाआड, खाते उघडे राहावे. ओटीपीचा पर्याय अनेक योजनांत आहे, आणि जेथे नेटवर्क आहे तेथे तो ठीकच आहे. ज्या शेतात नोंद करायची तेथे तो संदेश पोहोचत नाही, ही अडचण या पत्रिकेच्या वाचकांइतकी कोणालाच ठाऊक नसेल.

महाराष्ट्रात २००९-१० पासून पिकांवरील कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प चालला आहे, आणि ऑगस्ट २०२४ पासून राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणालीही आली आहे. अशा प्रणालींत उद्या लाखो नोंदी शेतातून थेट येतील. त्या नोंदींवर पूर्वानुमानाची प्रारूपे बसवली जातील. म्हणून नोंद कोणी केली याचे उत्तर आजच शाबूत ठेवायला हवे.

मी उल्लेखलेल्या त्या प्रकल्पात पुढच्या हंगामी आम्ही प्रयत्न करून बदल करवून घेतला. प्रत्येक सर्वेक्षकाला स्वतःचे खाते, लांबीची एकच अट, मुदतीची सक्ती नाही, आणि खाते अडकल्यास ते तालुक्याच्याच पातळीवर ओळख पटवून उघडण्याची सोय. नोंदींच्या वेळा रात्रीच्या त्या पाऊण तासातून सुटून सकाळभर विखुरल्या. आणि मग एक गोष्ट दिसली, जी आदल्या वर्षी दिसणे शक्यच नव्हते. एका सर्वेक्षकाचे तुडतुड्यांचे आकडे शेजारच्या गावांच्या मानाने आठवड्यामागून आठवडे कमी येत होते. शेतावर जाऊन त्याच्यासोबत मोजले. तो झाडाचे वरचे, मधले आणि खालचे अशी तीन पाने न पाहता केवळ वरची तीन पाने पाहत होता, कारण त्याला तसेच शिकवले गेले होते. अर्ध्या तासात दुरुस्ती झाली.

हजेरीवहीचे शेवटचे पान मी फाडून टाकायला सांगितले. तो पहिला सर्वेक्षक, मोठा क विचारणारा, त्या दिवशी तेथेच होता. नवा पासवर्ड आपल्याला एकदाच ठेवून कसा पाठ झाला आहे, हे तो कौतुकाने सांगू लागला. ‘‘मॅडम, पहिला शब्द आमच्या बैलाचा...’’ येथवर आल्यावर मला त्याला घाईने थांबवावे लागले.